टेक्निकल रायटर व्हायचे आहे, पण कोडिंग येत नाही : सुरुवात कोठून करावी

टेक्निकल रायटिंगकडे, म्हणजे सॉफ्टवेअर किंवा यंत्र कसे वापरायचे हे समजावणाऱ्या लेखनाकडे, वळू पाहणारे लोक बहुतेक वेळा दोनच शंका विचारतात. प्रोग्रॅमिंग यावेच लागते का, आणि इंजिनिअरिंगची पदवी नसेल तर या वाटेला जाण्यात अर्थ आहे का? इंग्रजी साहित्यात एम. ए. करून मी पुण्यातल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत कामाला लागले, तेव्हा याच दोन शंका मलाही होत्या आणि प्रत्येकाने मला वेगळे उत्तर दिले होते. कोणी म्हणाले की भाषा चांगली असली की पुरे, तर कोणी म्हणाले की जावा शिकल्याशिवाय मुलाखतीलाच जाऊ नकोस. दोन्ही उत्तरे अर्धवट होती.

आज मी जे उत्तर देते ते असे आहे. ज्या वस्तूविषयी लिहायचे ती तयार करता आली नाही तरी चालते, पण ती स्वतःच्या हाताने चालवून पाहता आलीच पाहिजे, आणि त्यासाठी किती कोड किंवा किती इंजिनिअरिंग लागते हे तुमचा वाचक ठरवतो. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

## १. आधी वाचक कोण आहे ते ठरवा

टेक्निकल रायटर या एकाच पदनामाखाली किमान चार-पाच वेगळी कामे चालतात. पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरचे मार्गदर्शन लिहिणाऱ्याचा वाचक हा कंपनीतला अकाउंट्सचा कर्मचारी असतो. त्याला प्रोग्रॅमशी काही देणेघेणे नसते. भविष्य निर्वाह निधीची १२ टक्के कपात कोणत्या रकमेवर होते, पगारावरच्या करकपातीचे प्रमाणपत्र कोठून काढायचे आणि महिना बंद केल्यावर चूक सापडली तर काय करायचे, हे त्याला हवे असते. अशा ठिकाणी बी. कॉम. झालेला माणूस बी. ई. झालेल्यापेक्षा लवकर रुळतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

याउलट एखादी कंपनी दुसऱ्या कंपन्यांच्या डेव्हलपरना आपली सेवा जोडण्यासाठी एपीआय (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून काम करून घेण्याची ठरीव सोय) देत असेल, तर वाचक हा स्वतः प्रोग्रॅमर असतो आणि तो तुमचे वर्णन वाचण्याआधी तुमचा नमुना कोड कॉपी करून चालवून पाहतो. पंप, कॉम्प्रेसर किंवा प्रेस यांचे मॅन्युअल असेल तर वाचक कारखान्यातला फिटर असतो, आणि विमानदुरुस्तीच्या पुस्तिकेचा वाचक परवानाधारक मेंटेनन्स इंजिनिअर असतो.

कागदावर तीन रकाने करा. पहिल्यात तुम्हाला आधीपासून माहीत असलेले क्षेत्र लिहा, दुसऱ्यात त्या क्षेत्रातला वाचक आणि तिसऱ्यात त्या वाचकाला कामात नेमके काय अडते ते लिहा. बँकेत, दवाखान्यात, गॅरेजमध्ये किंवा वर्गात काढलेली वर्षे इथे भांडवल म्हणून उपयोगी पडतात, आणि नवखे लोक नेमके तेच भांडवल लपवून पायथनसारख्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेमागे धावतात.

## २. नोकरीची जाहिरात खालून वर वाचा

जाहिरातीच्या वरच्या भागात ‘बी. ई., बी. टेक. किंवा समकक्ष’ असे लिहिलेले असते आणि पुष्कळ उमेदवार तिथेच थांबतात. ही ओळ अनेकदा मनुष्यबळ विभागाच्या ठरीव नमुन्यातून आलेली असते. कामाचे खरे स्वरूप खालच्या भागात, साधनांच्या यादीत दिसते. तिथे फ्रेममेकर, मॅडकॅप फ्लेअर, ऑक्सिजन, डिटा अशी लेखनाच्या सॉफ्टवेअरची आणि पद्धतींची नावे असतील तर साधनावर हुकमत हवी आहे. ओपनएपीआय (एपीआयचे वर्णन लिहिण्याची ठरीव पद्धत), पोस्टमन (एपीआयला विनंती पाठवून पाहण्याचे साधन), गिट, मार्कडाउन असे असेल तर डेव्हलपरसाठीचे लेखन आहे आणि कोड वाचता यावा लागेल. एसडीके (डेव्हलपरना दिलेला तयार कोडचा संच) किंवा जावा, कोटलिन अशा प्रोग्रॅमिंगच्या भाषांची नावे असतील तर कोड लिहिताही यावा लागेल. पदवी वगळता बाकीच्या बहुतेक गोष्टी तुम्ही पूर्ण करत असाल तर अर्ज जरूर करावा.

इथे एक सावधगिरी बाळगा. काही जाहिरातींत टेक्निकल रायटर म्हणून बोलावतात आणि प्रत्यक्षात निविदांचे प्रस्ताव किंवा जाहिरातीचे लेख लिहून घेतात. ती कामे वाईट नाहीत, पण त्यांतून या क्षेत्राचा अनुभव जमत नाही. तेव्हा पहिल्याच फोनवर ‘मी जे लिहीन ते कोण वाचणार आणि कोठे प्रसिद्ध होणार?’ असे विचारून घ्यावे.

## ३. किमान साधने शिका, ती प्रत्येकालाच लागतात

वाचक कोणीही असो, पुढच्या गोष्टी आल्याच पाहिजेत.

- मार्कडाउन. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये आणलेली ही साधी खूणपद्धती शनिवार-रविवारात हाती बसते.
- एचटीएमएल आणि एक्सएमएल यांची तोंडओळख. टॅग, म्हणजे मजकुराभोवतीची खूण, उघडला की सहसा बंद करावा लागतो, आणि कोणता टॅग कोणाच्या पोटात बसतो, इतके समजले की सुरुवातीला पुरते. डिटा ही तांत्रिक माहितीचे सुटे भाग करून लिहिण्याची, आयबीएममध्ये जन्मलेली आणि २००५ मध्ये ओएसिस या मानके ठरवणाऱ्या संस्थेने मानक म्हणून स्वीकारलेली रचना याच पायावर उभी आहे.
- गिट. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलेले, फाइलींत कोणी काय बदलले याचा हिशेब ठेवणारे हे साधन आता डॉक्युमेंटेशनच्या टीमही वापरतात. क्लोन, ब्रँच, कमिट, पुश आणि पुल रिक्वेस्ट (आपला बदल मूळ प्रतीत मर्ज करण्याची, म्हणजे मिसळून घेण्याची विनंती) या पाच क्रिया न अडखळता करता याव्यात. यासाठी दोन आठवडे द्या, कारण पहिल्यांदा मर्ज कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोघांनी केलेल्या बदलांची टक्कर) आला की एक आठवडा त्यातच जातो.
- कमांड लाइन, म्हणजे आज्ञा टाइप करून संगणक चालवणे. फोल्डर बदलणे, फाइल शोधणे, एखादी कमांड चालवून तिचे उत्तर वाचणे.
- स्क्रीनशॉट घेऊन त्यावर खुणा करण्याचे आणि साध्या आकृत्या काढण्याचे कोणतेही एक साधन.

यांपैकी एकालाही प्रोग्रॅमिंग म्हणता येणार नाही, तरीही नवखे लोक इथेच सर्वांत जास्त मार खातात. माझेच उदाहरण सांगते. पहिल्या वर्षी मी एका सर्व्हरच्या सॉफ्टवेअरची इन्स्टॉलेशन गाइड लिहिली. त्यातल्या एका कमांडमध्ये पर्यायाच्या नावाआधी दोन लहान आडव्या रेघा होत्या आणि फाइलचे नाव सरळ अवतरणचिन्हांत होते. डेव्हलपरने दिलेली ओळ मी वर्ड प्रोसेसरमध्ये लिहून घेतली, आणि त्या भल्या प्रोग्रॅमने दोन रेघांची एक लांब रेघ आणि सरळ चिन्हांची वळणदार चिन्हे करून टाकली. पानावर ती ओळ उलट अधिक देखणी दिसत होती. ग्राहकाने ती पीडीएफमधून जशीच्या तशी कॉपी केली आणि कमांड चालेना. सपोर्टच्या लोकांची अर्धी रात्र त्यात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मॅनेजरने दोन छापील कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि एवढेच म्हणाले, ‘फरक शोध.’ मला तो दहा मिनिटे सापडला नाही.

प्रोग्रॅमरला ती लांब रेघ कदाचित पाहताक्षणी खटकली असती, हे खरे आहे. पण प्रसिद्ध झालेल्या पीडीएफमधून ती ओळ कॉपी करून एकदा चालवून पाहणाऱ्या कोणालाही ती चूक सापडली असती, मग तो साहित्याचा पदवीधर असो की गणिताचा. तेव्हापासून मी कमांड तपासते ती कच्च्या मसुद्यातून नव्हे, वाचकाच्या हाती पडणाऱ्या अंतिम प्रतीतून. तुम्हीही ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या, आणि कमांड लिहिताना वर्ड प्रोसेसरऐवजी साधा टेक्स्ट एडिटर वापरा.

## ४. डेव्हलपरसाठी लिहायचे असेल तर आधी कोड वाचायला शिका

कोड वाचणे आणि कोड लिहिणे यांत मोठे अंतर आहे. एपीआयच्या डॉक्युमेंटेशनसाठी सुरुवातीला व्हेरिएबल, फंक्शन, पॅरामीटर, पूर्णांक आणि स्ट्रिंग यांसारखे डेटाचे प्रकार, जेसन या डेटा लिहिण्याच्या पद्धतीची रचना आणि एचटीटीपीच्या (वेबवरच्या देवाणघेवाणीच्या नियमांच्या) गेट, पोस्ट, पुट, डिलीट या क्रिया कळल्या पाहिजेत. रोज एक तास दिला तर दोन-तीन महिन्यांत एवढे होते. भाषा निवडायची तर पायथन निवडा, कारण ती वाचायला सर्वांत सोपी आहे.

एवढे ज्ञान कशासाठी लागते ते एका लहानशा रकान्यावरून पाहू. पैसे भरून घेण्याच्या एपीआयमध्ये ‘अमाउंट’ नावाचा रकाना आहे, त्याचा प्रकार पूर्णांक आहे आणि डेव्हलपरने त्यापुढे ‘भरायची रक्कम’ एवढेच लिहिले आहे. ज्याला पूर्णांक म्हणजे काय ते कळत नाही, तो ती ओळ शुद्ध करून पुढे जाईल. ज्याला कळते त्याच्या मनात लगेच शंका येईल की पूर्णांकात दशांश चिन्ह बसत नाही, मग ४९९ रुपये ५० पैसे कसे पाठवायचे? चौकशी केल्यावर समजते की रक्कम पैशांत पाठवायची आहे, म्हणजे ४९९ रुपयांसाठी ४९९०० लिहायचे. अनेक पेमेंट गेटवे खरोखर अशीच पद्धत वापरतात. ही एक गोष्ट लिहायची राहिली, तर वाचकाचा डेव्हलपर ४९९ रुपयांऐवजी ४ रुपये ९९ पैसे वसूल करून बसेल.

तारखांचेही असेच आहे. ०३/०४/२०२५ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल आणि अमेरिकेत ४ मार्च. म्हणून तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने हवी आहे का आणि वेळ भारतीय आहे की साडेपाच तास मागे असलेली यूटीसी, हे विचारून लिहावे लागते. एररच्या आकड्यांतही फरक समजून घ्या. ४०१ म्हणजे सर्व्हरला तुमची ओळखच पटलेली नाही. ४०३ म्हणजे ओळख पटली, पण परवानगी नाही. ४२९ म्हणजे ठरलेल्या वेळात मर्यादेपेक्षा जास्त विनंत्या आल्या. ‘काहीतरी चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा’ असे तिन्ही ठिकाणी लिहिणारा लेखक वाचकाचा दिवस वाया घालवतो.

सराव असा करा. पोस्टमन किंवा कर्ल (कमांड लाइनवरून विनंती पाठवणारे) हे साधन घ्या, नोंदणीशिवाय चालणारी एखादी सार्वजनिक एपीआय शोधा, तिला विनंती पाठवा आणि मुद्दाम चुका करा. एक रकाना गाळा, आकड्याच्या जागी अक्षर लिहा, आणि प्रत्येक वेळी काय उत्तर आले ते टिपून ठेवा. अशा टिपणांतूनच चांगले डॉक्युमेंटेशन तयार होते. त्यानंतर ओपनएपीआयची वायएएमएल फाइल, म्हणजे एपीआयचे वर्णन साठवणारी मजकुराची फाइल, वाचायला घ्या. त्या फाइलमध्ये टॅब चालत नाही, ओळींचे अंतर स्पेसनेच द्यावे लागते, आणि एक स्पेस कमी-जास्त झाली तरी रचना बिघडते, हे आधीच सांगून ठेवते.

आता कटू भाग. एसडीके, लायब्ररी किंवा क्लाउडवर सॉफ्टवेअर चढवण्याच्या पद्धती यांविषयी लिहायचे असेल, तर प्रोग्रॅमिंग खरोखरच लागते. नमुना प्रोग्रॅम तुम्हाला स्वतः लिहावा लागतो, चालवावा लागतो आणि नवी आवृत्ती आली की दुरुस्तही करावा लागतो. या शाखेत ‘भाषा चांगली असली की पुरे’ हा दिलासा खोटा आहे. एआयकडून कोड लिहून घेता येतो, असे अलीकडे पुष्कळ जण म्हणतात. घेता येतो, पण अशा कोडमध्ये अस्तित्वातच नसलेला पॅरामीटर मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलेला मला अनेकदा सापडला आहे, आणि तो सापडला तो केवळ मी कोड चालवून पाहिला म्हणून.

## ५. यंत्रांविषयी लिहायचे असेल तर शॉप फ्लोअरवर उभे राहा

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात यंत्रसामग्रीच्या मॅन्युअलचे बरेच काम असते, आणि सॉफ्टवेअरच्या झगमगाटात नवखे लोक ते विसरतात. इथे कोड नाही, पण ड्रॉइंग वाचता यावे लागते. वस्तूच्या बाजू कागदावर कोठे मांडायच्या यासाठी भारतात फर्स्ट अँगल प्रोजेक्शन वापरतात आणि अमेरिकेत थर्ड अँगल, त्यामुळे ड्रॉइंगवरची प्रोजेक्शनची खूण न पाहता डावी-उजवी बाजू लिहिली तर ती उलटी होण्याची शक्यता असते. टॉलरन्स (मापात चालण्याजोगा फरक), न्यूटन-मीटरमध्ये दिलेला टॉर्क (पिळण्याचा जोर), सुटे भाग वेगळे करून दाखवणारे चित्र आणि वायरिंग डायग्रॅम या गोष्टी समजल्या पाहिजेत. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्यांनी स्वतःला कमी लेखू नये, या कामात त्यांचा हात धरणारे फार थोडे असतात.

इंजिनिअरिंगचे ज्ञान नेमके कोठे कामी येते ते पाहा. सेंट्रिफ्यूगल पंपाच्या मॅन्युअलमध्ये ‘मोटार सुरू करा’ ही सूचना आहे आणि तिच्याखाली ‘पंपात पाणी भरलेले असल्याची खात्री करा’ अशी टीप आहे. दोन्ही वाक्ये निर्दोष आहेत, तरीही पान चुकीचे आहे. फिटर एकेक ओळ वाचत हात चालवतो, तो टिपेपर्यंत पोहोचेतो पंप कोरडा फिरलेला असतो आणि मेकॅनिकल सील (पाणी गळू न देणारा भाग) जळालेले असते. म्हणून प्रायमिंगची, म्हणजे पंपात पाणी भरण्याची, पायरी आधी यावी आणि इशारा कृतीच्या अगोदर छापला जावा. हे समजण्यासाठी पदवी लागत नाही, पण पंप कसा चालतो ते मात्र माहीत असावे लागते.

धोक्याच्या शब्दांचीही पायरी ठरलेली असते. अमेरिकेच्या एएनएसआय झेड५३५ मानकमालिकेनुसार डेंजर म्हणजे टाळले नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, वॉर्निंग म्हणजे ती होऊ शकते, कॉशन म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते, आणि नोटिस म्हणजे इजेशी संबंध नसलेले, वस्तूचे नुकसान वगैरे. जोर देण्यासाठी वाटेल तिथे ‘डेंजर’ लिहिणे ही चूक आहे. विमानक्षेत्रात जायचे असेल तर सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश शिकावे लागेल. त्यात कृतीच्या वाक्याला २० शब्दांची आणि वर्णनाच्या वाक्याला २५ शब्दांची मर्यादा आहे, आणि एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ दिलेला आहे. मराठी माध्यमातून आलेल्या आणि इंग्रजीचा धसका घेतलेल्या उमेदवारांनी या नियमांकडे निरखून पाहावे. या क्षेत्रात अलंकारिक इंग्रजी कोणालाच नको असते.

## ६. इंजिनिअरला प्रश्न विचारण्याची तयारी करा

‘हे फीचर समजावून सांगाल का?’ असे विचारले की इंजिनिअर एकतर अर्धा तास बोलतो किंवा ‘टिकीट वाच’ म्हणतो. दोन्ही वेळा हाती फारसे लागत नाही. आधी टिकीट (त्या कामाची नोंद), डिझाइन डॉक्युमेंट आणि टेस्ट केसेस वाचा, बिल्ड (चालवता येणारी आवृत्ती) स्वतः चालवून पाहा, आणि मग ‘मी हा रकाना रिकामा सोडला तर फॉर्म सेव्ह झाला, पण यादीत नोंद दिसली नाही, असेच अपेक्षित आहे का?’ असे विचारा. अशा प्रश्नाला दोन मिनिटांत उत्तर मिळते. शिवाय कधी कधी समोरचा माणूस खुर्चीत सरळ होऊन बसतो, कारण तुम्ही त्याला एक बग दाखवून दिलेला असतो.

माझा अनुभव असा की डेव्हलपरपेक्षा टेस्टरशी मैत्री अधिक फळते. वस्तू कशी चालावी हे डेव्हलपर सांगतो, ती कोठे मोडते हे टेस्टरला ठाऊक असते.

## ७. नमुने आणि कागदपत्रे जमवा

अर्ज करण्याआधी हे तयार ठेवा:

- एक किंवा दोन पानांचा बायोडेटा. त्यात साधने आणि विषयक्षेत्र वेगवेगळे लिहा.
- तीन लेखननमुने: एक कृतिमार्गदर्शक, एक एपीआय किंवा यंत्राच्या भागाचे संदर्भपान, आणि एक संकल्पना समजावणारा लेख.
- हे नमुने जिथे पाहता येतील अशी गिटहबसारख्या ठिकाणची रेपो, म्हणजे फाइलींचा साठा.
- पदवीची आणि गुणपत्रिकांची प्रत, आधी नोकरी केली असेल तर अनुभवपत्र.

नमुने कोठून आणायचे? मुक्तस्रोत प्रकल्पांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये अपुऱ्या जागा भरपूर असतात. इन्स्टॉलेशनची एक चुकीची पायरी दुरुस्त करून पाठवलेली आणि मर्ज झालेली पुल रिक्वेस्ट कोणत्याही प्रमाणपत्राइतकीच बोलते. गूगलचे टेक्निकल रायटिंगचे अभ्यासक्रम विनामूल्य आहेत, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या शैलीपुस्तिका ऑनलाइन खुल्या आहेत, आणि २०१३ पासून चालणाऱ्या राइट द डॉक्स या समूहात नवख्यांच्या प्रश्नांना उत्तरे मिळतात.

दोन सापळे टाळा. आधीच्या नोकरीतली गोपनीय कागदपत्रे नमुना म्हणून कधीही दाखवू नका. समोरचा माणूस त्यातून एवढेच ताडतो की उद्या तुम्ही त्याचीही दाखवाल. दुसरा सापळा जुन्या सल्ल्यांचा आहे. सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशनचे सदस्यत्व किंवा प्रमाणपत्र घ्या, असे अनेक जुन्या लेखांत लिहिलेले सापडेल. ती संस्था जानेवारी २०२५ मध्ये बंद झाली आहे. त्याचप्रमाणे हमखास नोकरीचे आश्वासन देऊन भरमसाट शुल्क मागणाऱ्या क्लासकडे पैसे भरण्याआधी, तिथून शिकून गेलेल्या दोघांशी स्वतः बोला.

## ८. लेखी चाचणी आणि मुलाखत

बहुतेक ठिकाणी लेखी चाचणी असते. एखादे ॲप, एखादे यंत्र किंवा एपीआयचे तपशील देऊन दोन तासांत दोन पाने लिहायला सांगतात. त्यात भाषेच्या चुका पाहिल्या जातातच, पण मुद्दाम वगळलेली एखादी माहिती तुमच्या लक्षात आली का, हेही पाहिले जाते. शंका असलेल्या जागा गुळगुळीत वाक्यांनी झाकू नका. शेवटी ‘इंजिनिअरला विचारायचे प्रश्न’ अशा मथळ्याखाली त्या लिहून द्या. उमेदवार तपासताना मी स्वतः आधी तो भाग शोधते.

मग मुलाखतीत कधीतरी ‘तुम्हाला कोडिंग येते का?’ असे विचारतीलच. ‘थोडेफार येते’ हे उत्तर देऊ नका, त्याचा काहीच अर्थ लागत नाही. काय येते ते मोजून सांगा: पायथनचा पन्नास-साठ ओळींचा प्रोग्रॅम वाचून समजतो, कर्लने विनंती पाठवून एरर तपासता येते, गिटवर ब्रँच काढून काम करता येते, नवा प्रोग्रॅम शून्यापासून लिहिता येत नाही. लॅपटॉप सोबत असेल तर रेपो उघडा आणि स्वतः चालवून पाहिलेले एखादे उदाहरण त्यांच्यासमोर पुन्हा चालवून दाखवा. मात्र त्याच दिवशी सकाळी घरी ते एकदा तपासून घ्या, कारण सार्वजनिक एपीआय न सांगता बदलतात.